‘फक्त सय्यद घराणे’ ही अट आता सोडायला नको का?

बागवान_सोलापूर
आमच्या रिश्त्यांच्या ग्रुपवर परवा एक बायोडाटा आला. मुलगी एम.फार्म., वय 31, चांगली नोकरी, नमाजी. खाली ठळक अक्षरांत ‘फक्त सय्यद घराणे’, म्हणजे हुजूर पैगंबरांचे वंशज मानली जाणारी घराणीच. वर्षभरापूर्वीही हाच बायोडाटा आला होता, तेव्हा वय 30 होतं. मला याची मनापासून चीड येते. अरबाला गैरअरबावर मोठेपणा नाही, असेल तर तकव्याने, म्हणजे अल्लाहचं भय बाळगून नेकीने वागण्याने, हे हुजूरनी शेवटच्या हजच्या खुतब्यात सांगितलं. मग बागवान, मोमीन, अत्तार, पिंजारी अशा कामकरी बिरादऱ्यांच्या घरात दीनदार मुलगा जन्मतच नाही का? ही उतरंड दीनमधून नाही, दरबारातून आली. 14व्या शतकात दिल्लीचा दरबारी इतिहासकार झियाउद्दीन बरनी लिहून गेला की हलक्या कुळातल्यांना नमाज-रोज्यापलीकडे शिकवू नका. तेच आपण लग्नात चालवतोय.

सय्यद_आपा
भाई, बरनीचं पाप आमच्या माथी मारू नका. आमच्या घरी शजरा, म्हणजे वंशावळ आहे. कापडावर चिकटवलेला लांब कागद, घड्यांवर झिजलेला, प्रत्येक नावापुढे ‘बिन’ आणि बापाचं नाव. आजोबा दर ईदला आम्हाला तो वाचायला लावायचे. त्यात मिरवणं नव्हतं, जबाबदारी होती. बनू हाशिमला, म्हणजे हुजूरच्या कुळाला, जकात हराम, म्हणून घरात दाणा नसतानाही अब्बांनी ती कधी घेतली नाही. आणि लग्नात कुफू, म्हणजे दोन्हीकडची बरोबरी बघायची, त्यात नसब म्हणजे वंशही आला, हे हनफी फिकहच्या, म्हणजे धर्मकायद्याच्या किताबांत आहे. आम्ही घरी बसून रचलेलं नाही. आझाद केलेले गुलाम हजरत जैद आणि हुजूरच्या आतेबहीण हजरत जैनब यांचा निकाह खुद्द हुजूरनी लावला होता, तरी टिकला नाही.

मोमीनपुरा
आपा, किताब पूर्ण वाचा. कुफू हा मुलीचा आणि तिच्या वलीचा, म्हणजे पालकाचा हक्क आहे, दोघं राजी असतील तर तो सोडता येतो. मुलीचं नुकसान होऊ नये म्हणून ठेवलेली तरतूद मुलीलाच घरात बसवायला वापरली जाते, हे मला बघवत नाही. आणि जैद यांचं उदाहरण दिलंत तर पुढचंही सांगा. त्यांचेच चिरंजीव उसामा विशीच्या आतबाहेर असताना हुजूरनी त्यांना फौजेचं सरदार नेमलं आणि कुरैशचे, म्हणजे हुजूरच्याच कबिल्याचे बुजुर्ग सहाबा (साथीदार) त्यांच्या हाताखाली दिले.
हा वाद नवाही नाही. बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, सुदानहून आलेले आलिम अहमद सुरकती यांनी सय्यदजादीचा गैरसय्यदाशी निकाह जायज ठरवला. तिथल्या हद्रमी, म्हणजे येमेनच्या हद्रमौतहून आलेल्या सय्यदांशी फाटलं आणि 1914 मध्ये ‘अल-इर्शाद’ ही वेगळी संघटना उभी राहिली.

अकोलेकर
मुळात शजरे खरे किती? तुर्कांच्या उस्मानी राज्यात नकीब-उल-अशराफ नावाचा अधिकारी सय्यदांच्या नोंदी ठेवायचा, कारण सवलती मिळतात म्हणून खोटे दावेदार फार. आपल्याकडे तर जुनी म्हणच आहे: आधी कसाब होतो, मग शेख झालो, यंदा धान्य स्वस्त झालं तर सय्यद होऊ. 2010 च्या एका जनुकीय अभ्यासात उपखंडातल्या सय्यदांमध्ये अरबी अंश इतरांहून जास्त दिसला, पण सगळे अलीकडच्या एकाच पुरुषाचे वंशज असल्याचं दिसलं नाही.

सय्यद_आपा
काहींनी खोटं लिहिलं म्हणून सगळ्यांच्या आजोबांना खोटं ठरवणार? अहले बैतची, म्हणजे हुजूरच्या घराण्याची मोहब्बत प्रयोगशाळेत तपासून ठेवायची नसते.

दाखला_अडकला
इथे सय्यद व्हायची धडपड, आमच्याकडे उलटं. आम्ही छप्परबंद, विमुक्त जातींत मोडणारे. महाराष्ट्रात मुस्लिम ओबीसींच्या चळवळीला 1994 मध्ये यश आलं, सवलती मिळाल्या. पण आमचा दाखला काढायला 1961 पूर्वीचा जातीचा पुरावा लागतो आणि आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसतं ‘मुसलमान’ आहे, आडनाव शेख. खरी जात सांगायची त्यांना लाज वाटली असेल. ती लाज कोणी निर्माण केली, याचं उत्तर मला इथल्या इज्जतदार घराण्यांकडून हवंय.

बागवान_सोलापूर
अगदी हेच. लग्नातली अट आणि दाखल्यावरची लाज एकाच मुळातून आलीय.

सय्यदजादी_29
मी त्याच घरांपैकी एका घरातली. भाऊ सय्यद नसलेल्या मुलीशी लग्न करून आला तर चालतं, कारण नसब बापाकडून, मुलं सय्यदच राहतात. मी केलं तर माझी मुलं सय्यद नाहीत, म्हणून मला बंदी. पण सगळ्या सय्यदांचा वंश हुजूरपर्यंत पोचतो तो बीबी फातिमांवरून, एका लेकीवरून. आपा, तुमच्या शजऱ्यात त्यांच्यानंतर एकाही बाईचं नाव आहे का? आमच्या नाही. माझ्या फुफी (आत्या) दोन, दोघी बिनलग्नाच्या. स्थळं आली होती, चांगली होती.

सय्यद_आपा
नाही बेटा, आमच्यातही नाही. तरी शजरा मी फाडणार नाही आणि नावापुढचं सय्यदही काढणार नाही. फुफींचं मात्र चुकलंच, तुझ्या घरच्यांचं चुकलं. तुझ्या अब्बांशी कुणी बुजुर्ग बोलणार असेल तर मला मेसेज कर, माझे शोहर येतील.