विम्याची रक्कम मिस्त्रीला आगाऊ देऊ नका
ताई, वावधानात (वादळी वाऱ्यात) घरावरचे टीन उडाले, विम्याची रक्कम मंजूर झाली आणि मिस्त्री आता सगळेच पैसे आगाऊ मागतोय, म्हणता. अजिबात देऊ नका. टीन, हूक, वॉशर स्वतः दुकानातून पक्क्या बिलावर घ्या, मजुरी काम होईल तशी द्या.

उरलेल्या पैशात रंगकाम करा, असं वरच्या कमेंटमधले दादा सांगतात. मला ते पटत नाही. आधी फाटे, म्हणजे टिनाखालचे लाकडी वासे, बघा. आमच्याकडे जुने टीन काढले तेव्हा भिंतीत टेकलेल्या टोकाला फाट्याचा भुसा झाला होता, खिळा नुसत्या बोटाने आत जात होता. अशा लाकडावर नवं टीन ठोकलं तर पुढच्या वाऱ्यात तेही जाणार.

पॉलिसी ‘भारत गृह रक्षा’ असेल तर मलबा उचलण्याचा खर्च दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत मिळतो, तो मागून घ्या. तलाठ्याचा पंचनामा सरकारी मदतीसाठी असतो, तो विषय वेगळा.

आणि ‘पूर्ण व अंतिम’ (म्हणजे दावा मिटला) लिहिलेल्या कागदावर सही करायच्या आधी सर्व्हेअरच्या, म्हणजे विम्यासाठी नुकसान मोजणाऱ्याच्या, अहवालाची प्रत वाचा. त्यात फाटे धरलेच नसतील तर फोटो लावून लेखी हरकत घ्या. तोवर वाकलेले टीन भंगारात घालू नका.