जाळी बसवली तरी पन्हळ साफ करावीच लागते

छपराच्या कडेच्या पन्हळीवर पानं अडवायला जाळी बसवली की तिच्याकडे पुन्हा बघायला नको, असं काही जण म्हणतात. ते मला अजिबात पटत नाही. मोठी पानं जाळीवर अडतात हे खरं, पण फुलोरा, बारीक बिया आणि कौलांची माती आत जातेच. त्याचा काळा चिकट गाळ होतो आणि तो नेमका उभ्या पाइपच्या तोंडाशी, पहिल्या वळणात बसतो. वरून पन्हळ स्वच्छ दिसते आणि पाणी मात्र तुंबलेलं असतं.

तुंबलं की किती पाणी भलतीकडे जातं, याचा हिशोब करून बघा. 100 चौरस मीटर छपरावर 50 मिलिमीटर पाऊस पडला की 5,000 लिटर पाणी होतं. ते काठावरून सांडून भिंतीलगत मुरलं, तर ओल थेट पायापर्यंत पोचते. वाशांची टोकंही कुजतात, आणि ते आधी कळतही नाही.

म्हणून पावसाआधी एकदा आणि पानगळ संपल्यावर एकदा, जाळी काढून गाळ हातानेच उपसा. हातमोजे हवेतच, पत्र्याच्या कडा फार धारदार असतात. मग दुसऱ्या टोकाकडून पाणी सोडा. कुठे थबकलं तर तिथला ब्रॅकेट ढिला झालाय, उतार बिघडलाय असं समजा. खालच्या पाइपचं तोंडही भिंतीपासून निदान दीड मीटर लांब न्या.

आणि कृपा करून शिडी धरायला कुणी असल्याशिवाय वर चढू नका.