व्हिसा-परमिटसाठी सीमेवर जाऊन परत आलेल्यांनी इथे लिहावं

सुरुवात मीच करते. नौपाड्यातून.

लेकीच्या बाळंतपणाला जानेवारी २०२४ मध्ये सिंगापूरला गेले. ३० दिवसांचा ई-पास (राहायची परवानगी) मिळाला, आणि नात आली विसाव्या दिवशी. जावई म्हणाले, "आई, सीमेपलीकडे मलेशियात जोहोर बाहरूला जाऊन या, येताना नवे दिवस मिळतात." मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून आपल्याला व्हिसा माफ केला होता, सिंगापूरचा माझा व्हिसा मल्टिपल एंट्री, म्हणजे पुन्हा पुन्हा शिरता येणारा होता. निघाले १७० नंबरच्या बसने. तपासणीला सगळ्यांनी सामानासकट उतरायचं असतं. आपली बस थांबत नाही, त्याच नंबरची पुढची पकडायची. हे मला कोण सांगणार? दशम्यांचा डबा गेला सीटबरोबर. परतताना अधिकारी बाईंनी विचारलं, "सकाळी गेलात, संध्याकाळी परत?" मी हातांनी बाळ जोजवून दाखवलं. हसल्या, पण दिवस दिले चौदाच.

आता तुम्ही सांगा.

घोडबंदर रोड
मुलगा टोरंटोजवळ शिकला. वर्क परमिट ऑनलाइन मागितलं तर महिनोन्‌महिने वाट पाहा, म्हणून ही मुलं 'फ्लॅगपोलिंग' करायची. म्हणजे अमेरिकेच्या झेंड्याच्या खांबाला वळसा घालून कॅनडात परत, आणि कॅनडाच्या नाक्यावर परमिट हातोहात. अमेरिकेचा व्हिसा नसला तरी बिघडत नाही, नकार घ्यायलाच तर जायचं! नायगारा भागातल्या नाक्यांवर हे काम फक्त मंगळवार ते गुरुवार चालायचं. २०२३ मध्ये तो नायगाराच्या रेनबो ब्रिजवरून चालत गेला आणि नकाराच्या कागदाचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. इकडे रात्रीचे नऊ. पुढचंमागचं काही न वाचता सासूबाईंनी देव पाण्यात ठेवले. दोन तासांनी परमिटचा फोटो आला, तेव्हा देव बाहेर. २३ डिसेंबर २०२४ पासून मोजके अपवाद सोडून कॅनडाने हा प्रकार बंद केलाय, तेव्हा जुने व्हिडिओ बघून कोणी निघू नका.

कोपरखैरणे
२०२३. दुबईत व्हिजिट व्हिसावर नोकरी शोधत होतो. मुदत संपत आली तशी एजंटने पैसे घेऊन बसमध्ये बसवलं. अमिरातीतल्या अल ऐनला खेटून ओमानचं बुरैमी आहे. बाहेर पडल्याची नोंद करायची आणि नवा व्हिसा येईपर्यंत तिथल्या हॉटेलात पडून राहायचं. "दोन दिवस" म्हणाला होता, पाच लागले. एका खोलीत चौघं. कोणाचाही फोन वाजला की चौघंही उठून बसायचो. ज्याचा व्हिसा यायचा तो आनंद दाखवत नसे, पाठ करून गुपचूप बॅग भरायचा. माझा सर्वांत शेवटी आला. दुबईतच थांबलो असतो तर दिवसाला ५० दिरहॅम दंड, तो परवडला नसता. आईला सांगितलं होतं फिरायला आलोय. तिने फोटो मागितले. हॉटेलसमोर खजुराचं एक झाड होतं, तेच तीन बाजूंनी काढून पाठवलं.

नेरूळ
युरोपात असलं काही करू नका. शेंगेनला (तिथल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा) हिशोब १८० दिवसांत ९० चा. बाहेर जाऊन आलात तरी आधीचे दिवस पुसले जात नाहीत.

कळवा
आमचं उलटं. बायको अमेरिकन, २०१९ मध्ये ई-व्हिसावर इथे. सलग १८० दिवसांच्या वर राहता येत नव्हतं, म्हणून गोरखपूरवरून सीमेवरचं सोनौली आणि पुढे नेपाळ. लुंबिनी वगैरे बघून परत आलो तर सोनौलीला कळलं, ई-व्हिसावर भारतात शिरायचं तर तेव्हा ठरलेल्या विमानतळावरून किंवा बंदरातून. रस्त्याने नाही. मला कोणी हटकतही नव्हतं. दोनदा कमानीखालून अलीकडे येऊन चौकशी केली, एकदा तिच्यासाठी चहा घेऊन पलीकडे गेलो. ती बॅगेवर बसून होती, काही बोलली नाही. चहा मात्र प्यायली. दोघांच्या विमानाचे पैसे नव्हते. ती बसने काठमांडूला जाऊन तिथून मुंबईला उडाली, मी गोरखपूरहून रेल्वेने. ती आधी पोचली. घराची किल्ली माझ्या खिशात होती.