झाग्रेबच्या छपरावरची राजचिन्हं

काहींना वाटतं की क्रोएशियाची राजधानी झाग्रेबच्या सेंट मार्क चर्चवरची रंगीत कौलं म्हणजे निव्वळ शोभा. तसं नाही हो, त्या कौलांत राजचिन्हं रेखलेली आहेत. दर्शनी भिंत सोडून थेट छपरावर ही चिन्हं चढवली ती 1880 च्या सुमारास, जीर्णोद्धारात, आणि त्यात राजकारण ठासून भरलंय!

डावीकडच्या ढालीत तीन प्रांत एकत्र आहेत: क्रोएशियाचा लाल-पांढऱ्या चौकटींचा पट (फुटबॉलच्या जर्सीवरचा तोच), दाल्मेशियाची तीन मुकुटधारी श्वापदमुखं आणि स्लाव्होनियाचा दोन नद्यांमधून पळणारा प्राणी. उजवीकडे झाग्रेबचा किल्ला. गंमत अशी, की तेव्हा क्रोएशिया-स्लाव्होनिया हंगेरीच्या राजमुकुटाखाली, तर दाल्मेशियाचा कारभार व्हिएन्नाकडे, म्हणजे ऑस्ट्रियाकडे. म्हणजे कागदावर वेगळे असलेले प्रांत कौलांवर मात्र एक!

तो पळणारा प्राणी म्हणजे कुना, दिसायला साधारण मुंगसासारखा. पूर्वी त्याच्या कातड्यांत कर भरत, म्हणून 2022 अखेरपर्यंत तिथल्या चलनाचं नावही कुनाच होतं. युरो आला तरी पठ्ठ्या एक युरोच्या नाण्यावर टिकून आहे.