निळा मासा पिवळा पडला, दुसरा खात नाही: औषध कोणते द्यावे?

प्रश्न (पुणे)
आमच्या चार फूट लांब व दीड फूट रुंद-उंच टाकीत पाच महिन्यांपूर्वी ‘मिक्स आफ्रिकन’ (आफ्रिकेतल्या माशांची सरमिसळ) म्हणून विकत घेतलेले आठ लहान मासे सोडले होते: सहा निळे, काळसर उभ्या पट्ट्यांचे, आणि दोन येलो लॅब (पिवळ्या रंगाची जात). निळ्यांपैकी सर्वांत मोठा मासा महिन्याभरापासून पिवळा पडत चालला आहे. तो कोपऱ्यातल्या दगडाजवळ कोणालाही फिरकू देत नाही, आणि एक येलो लॅब शेपटी कुरतडलेल्या अवस्थेत मेलेला सापडला. शिवाय एका निळ्या माशाने आठवडाभर अन्नाला तोंड लावलेले नाही व त्याचा गळा फुगलेला दिसतो.

उत्तर १
कृपया कोणतेही औषध घालू नका. वर्णनावरून हे मासे केनयी असावेत. या जातीची पिल्ले आणि माद्या निळ्या असतात, नर मात्र वयात येताना पिवळा होतो, त्यामुळे तुम्ही ज्याला आजार समजता ते त्याचे तारुण्य आहे. न खाणारी बहुधा मादी असून तिच्या तोंडात अंडी असावीत. आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातील हे खडकाळ भागात राहणारे मासे, ज्यांना तिथे ‘म्बुना’ म्हणतात, अंडी व पिल्ले सुमारे तीन आठवडे तोंडात सांभाळतात आणि त्या काळात मादी जवळजवळ उपाशी असते. मात्र गळ्याऐवजी पोट फुगले असेल आणि विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी असेल, तर तो ‘ब्लोट’ हा पोट फुगण्याचा आजार असू शकतो.

उत्तर २
वरील निदान मला पटते, परंतु खरी चूक निवडीतली आहे. केनयी आणि ऑराटस या जाती म्बुनांतही दांडगट मानल्या जातात, आणि दुकानातल्या ‘मिक्स’मध्ये नेमक्या त्याच भरलेल्या असतात. तो नर दुकानदाराला परत द्यावा. एका नरामागे तीन-चार माद्या ठेवल्या आणि दगडांच्या रचनेत भरपूर कपारी केल्या, तर मार एकाच माशावर पडत नाही. दगड वाळूवर न ठेवता आधी तळावर बसवावेत, कारण हे मासे वाळू उकरतात आणि रचना कोसळून काच फुटू शकते. नवे मासे सोडताना दगड हलवून मांडावेत. जुन्या हद्दी मोडल्या की सर्वांना नव्याने जागा शोधावी लागते.

उत्तर ३
भांडण विभागण्यासाठी मासे वाढवण्याचा सल्ला सरसकट दिला जातो, त्याबाबत थोडी सावधगिरी हवी. मासे वाढले की त्यांच्या विष्ठेतून पाण्यात अमोनियाही वाढतो. मलावीचे पाणी अल्कधर्मी, पीएच साधारण ७.७ ते ८.६ एवढे असते, आणि पीएच जितका जास्त तितका तोच अमोनिया अधिक विषारी ठरतो. म्हणून आधी फिल्टर वाढवा, मग मासे. आपल्याकडचे धरणाचे पाणी सहसा मृदू असते. ते या माशांना मानवेल असे करण्यासाठी बाटलीतली रसायने ओतण्यापेक्षा फिल्टरमध्ये कोरलचा चुरा ठेवणे मला सोयीचे वाटते. ब्लडवर्म (खाद्य म्हणून मिळणाऱ्या लाल अळ्या) टाळावेत; खडकांवरचे शेवाळ खरवडून खाणाऱ्या या माशांना स्पिरुलिना (एक प्रकारचे शेवाळ) असलेले दाणेच मानवतात.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. काल रात्री टॉर्चच्या उजेडात त्या मादीने क्षणभर तोंड उघडले, तेव्हा आत पिवळसर नारिंगी अंडी स्पष्ट दिसली. नर रविवारी दुकानात परत जाईल. तोपर्यंत तो जाळीच्या पलीकडे आहे.