पाळकांनी पोलिसांसोबत रस्त्यावर उतरावं का? (निमित्त: बॉस्टन)

वसईकर
वाया जाण्याच्या बेतात असलेल्या पोरांसाठी काम करताना चर्चच्या लोकांनी पोलिसांशी हातमिळवणी करावी का, हा वाद चर्चच्या मंडळ्यांमध्ये कायम असतो. माझं मत: करावी, पण पोलिसांना चारचौघांत सुनावण्याचा हक्क हातचा ठेवून.

अमेरिकेतल्या बॉस्टन शहराचं उदाहरण घ्या. 1989 मध्ये एकाने गरोदर बायकोचा खून करून आळ अनोळखी काळ्या माणसावर घातला. पोलिसांनी मिशन हिल भागात दिसेल त्या काळ्या पोराची झडती घेतली. लोकांचा विश्वास पार उडाला. 1990 साली शहरात 152 खून झाले. मे 1992 मध्ये मॅटापान भागातल्या मॉर्निंग स्टार बॅप्टिस्ट चर्चमध्ये एका तरुणाच्या अंत्यविधीत टोळीवाले घुसले आणि तिथेच एका मुलाला भोसकलं. त्यातून यूजीन रिव्हर्स, रे हॅमंड, जेफ्री ब्राउन वगैरे पाळकांची (चर्चच्या धर्मगुरूंची) आघाडी टेनपॉइंट कोअ‍ॅलिशन उभी राहिली. शुक्रवारी रात्री हे लोक डॉर्चेस्टर भागातल्या गल्ल्यांतून पायी फिरत. उपदेश करायचा नाही, ऐकायचं.

मे 1996 मध्ये ऑपरेशन सीझफायर ही टोळ्यांचा गोळीबार थांबवायची मोहीम सुरू झाली. प्रोबेशनवर (कोर्टाच्या देखरेखीच्या अटीवर) सुटलेल्या टोळीतल्या पोरांना डॉर्चेस्टरच्या कोर्टात बोलावलं. समोर पोलिस, सरकारी वकील, प्रोबेशन अधिकारी, आणि त्यांच्याच रांगेत रस्त्यावरचे कार्यकर्ते आणि पाळक. निरोप दोनच: गोळीबार थांबवा, नाहीतर एकाने केलं तरी सगळ्या टोळीवर सगळी खाती तुटून पडतील. आणि ज्याला बाहेर पडायचंय त्याला काम, शाळा, मदत आत्ता मिळेल. भिंतीवर एक पोस्टर होतं. एकच काडतूस खिशात सापडलं म्हणून एका टोळीवाल्याला 19 वर्षं 7 महिने फेडरल तुरुंग. ते पोस्टर वाचून खोली गप्प होत असे.

नंतरच्या अभ्यासात तरुणांचे खून महिन्याला सरासरी साडेतीनवरून 1.3 वर आलेले दिसले, म्हणजे 63 टक्के घट. 1999 मध्ये शहरातले एकूण खून 31.

उंबरठा
वसईकर, आकडे खरे आहेत, पण श्रेय कुणाचं? त्याच दशकात सगळ्या अमेरिकेत गुन्हे उतरले. न्यू यॉर्कमध्ये 1990 साली 2,245 खून, 1998 मध्ये 633. तिथे पाळकांची अशी आघाडी नव्हती. क्रॅक या नशेच्या कोकेनचा बाजार बसला, कामं मिळायला लागली, हेही धरा.

आणि किंमत कोण मोजतो? बॉस्टनमध्ये कोण सुधारेल आणि कोणाला आत टाकावं, याचा सल्ला पाळक पोलिसांना आणि न्यायाधीशांना देत होते. पोराच्या बाजूने विचार करा. ज्याच्यापाशी तो रात्री रडला, सकाळी त्याच्याच मतावरून त्याचा जामीन ठरणार. हे एकदा वस्तीत कळलं की दुसरं पोर तोंड उघडत नाही. पुढची पाच वर्षं तुम्ही कॅरम बोर्ड मांडून बसा, येतील ती फक्त सरळ मार्गाची मुलं.

वसईकर
श्रेयाबद्दल: त्या अभ्यासात इतर शहरांशी ताडून पाहिलं होतं. बॉस्टनची घट 1996 च्या मध्याला एकदम झाली, हळूहळू नाही. पण त्यात पाळकांचा वाटा किती, हे त्यातून वेगळं निघत नाही, हे मान्य.

मात्र पाळक म्हणजे पोलिसांचे खबरे, हे चित्र अर्धंच आहे. मार्च 1994 मध्ये पोलिसांनी चुकीच्या घरावर छापा घातला आणि 75 वर्षांचे एक निवृत्त पाळक हृदयविकाराने गेले. पोलिसप्रमुखांना जाहीर माफी मागावी लागली. 1995 मध्ये टोळीवाल्याने सरकारी वकिलाचा खून केला, तेव्हा 1989 सारखी सरसकट झडती झाली नाही, आणि त्या संयमाबद्दल पाळकांनी पोलिसांचं उघड कौतुक केलं. चुकलं की कान धरणं आणि नीट वागले की तसं सांगणं, दोन्ही करता आलं तरच वस्तीला तुमचा शब्द पटतो. 2000 नंतर पाळकांमध्ये बेबनाव झाला, पोलिसांतली माणसं बदलली, सीझफायर बंद पडलं. 2005 मध्ये खून पुन्हा 75 च्या घरात.

रात्रपाळी
दोघांनी ब्रिटनचे स्ट्रीट पास्टर्स, म्हणजे रात्री रस्त्यावर फिरणारे चर्चचे स्वयंसेवक, हेही बघावेत. 2003 मध्ये लेस आयझॅक यांनी लंडनच्या ब्रिक्स्टन भागात हे सुरू केलं. तिथे चर्च, पोलिस आणि नगरपालिका असा तिघांचा करार असतो, पण कामं वेगळी. शुक्रवार-शनिवारी रात्री दहाच्या सुमाराला निघून पहाटे चारपर्यंत फेरी, लहान गटाने, पाठीवर नाव लिहिलेलं निळं जाकीट. पिशवीत पाण्याच्या बाटल्या, फॉइलचं पांघरूण, स्वस्तातल्या रबरी चपला आणि लॉलीपॉप.

चपला कशाला? उंच टाचांचे बूट हातात घेऊन अनवाणी चालणाऱ्या मुलीचा पाय फुटलेल्या बाटलीवर पडतो. लॉलीपॉप कशाला? तावातावाने भांडणाऱ्याच्या हातात ते दिलं की हात गुंततो, तोंड बंद होतं, भांडणातला दम जातो. मारामारीत घुसायचं नाही, रेडिओवर कळवायचं. धर्माचा विषय समोरच्याने काढला तरच. नावं लिहून घ्यायची नाहीत, त्यामुळे फोडायला माहितीच नसते.

टोळीयुद्ध यातून थांबणार नाही, तेवढी याची मर्यादा.

कोर्टकचेरी
महाराष्ट्रात कुणी हे करू पाहील तर आधी कायदा वाचावा. बाल न्याय कायदा 2015, कलम 107: प्रत्येक ठाण्यात किमान एक बाल कल्याण पोलिस अधिकारी, आणि जिल्ह्याच्या विशेष बाल पोलिस पथकात दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यातली एक बाई. चर्चच्या माणसाने संबंध ठेवायचा तो याच पथकाशी आणि लेखी. बीट हवालदाराच्या ओळखीवर काम उभं केलं की बदली झाल्या दिवशी ते संपतं.

18 खालच्या मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, बेडी घालता येत नाही, 24 तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. 2016 च्या आदर्श नियमांप्रमाणे गुन्हा अतिगंभीर नसेल आणि सोबत प्रौढ आरोपी नसेल तर एफआयआरही होत नाही. डायरीत नोंद आणि सामाजिक पार्श्वभूमी अहवाल, बस. हा अहवाल घाईत भरला की ‘घरची परिस्थिती बेताची’ एवढंच लिहिलं जातं. शाळा कोणत्या इयत्तेत सुटली, बाप कुठे असतो, पोराला कामावर कोण ठेवायला तयार आहे, हे ओळखीच्या माणसाने पथकाला नीट सांगितलं तर मंडळापुढे मुलाच्या उपयोगी पडतं. पोलिसांसोबत राहण्याचा खरा फायदा इथे आहे.

दोन खड्डे. पहिला पंचनामा. ‘फादर, जरा सही करा’ म्हणून पुढे केलेल्या कागदावर पंच म्हणून सही केलीत की तुम्ही सरकार पक्षाचे साक्षीदार. मुलासाठी तुम्ही संपलात. दुसरा: ‘कुणाला सांगणार नाही’ हा शब्द. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर पॉक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या) कलम 19 खाली कळवणं बंधनकारक आहे, धर्मगुरू असलात तरी. ही मर्यादा पहिल्याच भेटीत मुलाला सांगा, तो बोलून गेल्यावर नको.

उंबरठा
पंचाची सही नको, हे शंभर टक्के. पण अहवालासाठी दिलेली माहिती तरी कुठवर जाते? निकाली निघालेल्या प्रकरणातली नोंद चारित्र्य दाखल्यासाठी उघड करायला बाल न्याय कायद्याच्या कलम 74 ने पोलिसांना मनाई आहे. ठाण्याच्या तोंडी स्मरणाला ती मनाई कशी लावणार? वस्तीत चोरी झाली की त्याच पोराला आधी उचलतात. तेव्हा तो पाळक ठाण्याच्या दारात वकिलासह उभा राहणार असेल, आणि हे त्याने पथकाला आधीच लेखी कळवलं असेल, तर माझा विरोध मागे.