शब्दचर्चा : ‘आदेश ७ नियम ११’ मधला आदेश दिला कोणी?

प्रश्नकर्ती :
घरच्या वाटणीच्या दाव्यात आम्ही वादी. समोरच्यांनी परवा एक अर्ज दिला, त्याचा मथळा : ‘दिवाणी प्रक्रिया संहिता, आदेश ७ नियम ११ अन्वये अर्ज’. मला वाटलं, न्यायाधीशांनी आत्तापर्यंत सात आदेश दिले असतील आणि हा त्यातला शेवटचा. रोजनामा, म्हणजे कोर्टाची तारीखवार नोंद, चाळला तर आदेश एकच, तोही ‘नि. ५ वर’, म्हणजे निशाणी ५ च्या अर्जावर. मग हा सातवा आला कुठून?

दुसरी शंका. अर्जात ‘वादपत्र नाकारावे’ असं आहे. घरात मात्र सगळे म्हणताहेत, ‘दावा फेटाळायला निघालेत’. दोन्ही एकच ना?

माजी शिरस्तेदार :
ताई, कोर्टातल्या नोकरीच्या पहिल्या महिन्यात मीही असाच आदेश शोधत बसलो होतो. हा आदेश कोणी दिलेला नाही. इथे ‘आदेश’ म्हणजे प्रकरण.

ही संहिता १९०८ची, अंमल १ जानेवारी १९०९ पासून. बांधणी दुमजली. वरच्या मजल्यावर १५८ पर्यंत कलमे. खाली पहिल्या अनुसूचीत ५१ पर्यंत ‘ऑर्डर’ आणि प्रत्येक ऑर्डरच्या पोटात ‘रूल’. कलम बदलायचे तर विधिमंडळ लागते, पण खालच्या मजल्यावरचे नियम कलम १२२ मुळे उच्च न्यायालयालाही बदलता येतात. मराठी करताना ‘ऑर्डर’ला समोर दिसला तो शब्द लावला. कोर्टात मात्र बोलताना ‘आदेश सात’ म्हणणारा मला भेटला नाही. सगळे ‘ऑर्डर सात रूल अकरा’च म्हणतात.

भाषांतरकार :
आणि घोटाळा तिथेच संपत नाही. याच संहितेच्या कलम २(१४) मध्ये ‘आदेश’ची व्याख्या आहे : दिवाणी न्यायालयाचा जो औपचारिक निर्णय हुकूमनामा (म्हणजे डिक्री, पक्षकारांचे हक्क ठरवणारा निकाल) नाही, तो आदेश. म्हणजे एकाच कायद्यात एकच शब्द, एकदा प्रकरण म्हणून आणि एकदा निर्णय म्हणून. ‘आदेश ३९ खाली आदेश झाला’ (३९ म्हणजे तात्पुरत्या मनाईचं प्रकरण) हे वाक्य बिनचूक आहे आणि तरीही वाचवत नाही. इंग्रजीतही शब्द एकच, पण तिथे मोठ्या लिपीतलं पहिलं अक्षर वेळ मारून नेतं. देवनागरीत ती सोय नाही. मी हल्ली सरळ ‘ऑर्डर ३९’ लिहिते. शुद्धतावादी रागावतात, पक्षकार रागावत नाहीत.

वकील :
दुसऱ्या शंकेबद्दल. दोन्ही एक नाहीत, आणि तुमच्यासाठी हा फरक जिवाभावाचा आहे.

वादपत्र हा कागद, दावा हे भांडण. ऑर्डर ७ रूल ११ खाली कोर्ट कागद तपासतं. वादपत्रात दाव्याचं कारणच दिसत नाही, मूल्यांकन कमी लावलंय आणि सांगूनही दुरुस्त केलं नाही, कोर्ट फी अपुरी आहे आणि सांगूनही भरली नाही, किंवा वादपत्रातल्या मजकुरावरूनच दावा कायद्याने चालू शकत नाही, उदाहरणार्थ मुदतबाह्य आहे, अशी कारणं. त्या वेळी प्रतिवादी काय म्हणतो ते बघायचं नसतं, तुमचंच वादपत्र वाचायचं. ते नाकारलं गेलं तरी मुदत शिल्लक असेल तर त्याच कारणावर नवीन वादपत्र आणता येतं, हे रूल १३ सांगतो. पुरावा होऊन गुणदोषांवर दावा फेटाळला गेला, तर मात्र पुन्हा त्याच वादासाठी दार बंद, कलम ११.

बातमीत दोन्हीला ‘याचिका फेटाळली’ लिहितात. मुळात ती याचिकाही नसते.

एक गंमत राहिली. वादपत्र नाकारल्याचा आदेश हा कायद्याने हुकूमनामाच मानला जातो, कलम २(२). म्हणून त्यावर अपील होतं.

भाषांतरकार :
कलम ११ चा विषय निघालाच आहे तर : ‘रेस ज्युडिकाटा’ला मराठीत ‘प्राङ्न्याय’ वापरतात. हा कुणी समितीत बसून घडवलेला शब्द नव्हे. धर्मशास्त्रात प्रतिवादीच्या उत्तराचे चार प्रकार सांगितलेत : आरोप खोटा म्हणणं म्हणजे मिथ्या, कबुली म्हणजे संप्रतिपत्ती, मान्य पण कारण वेगळं म्हणजे प्रत्यवस्कंदन, आणि ‘याचा निवाडा आधीच झालाय, तू हरला होतास’ म्हणजे प्राङ्न्याय. प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या लंडनच्या शेवटच्या अपील न्यायालयाने, १९१६ मध्ये हे तत्त्व सांगताना या जुन्या हिंदू ग्रंथांचा दाखला दिला होता. त्या ग्रंथांत अशा सगळ्या कोर्टकामाला नाव होतं ‘व्यवहार’. आज आपण जमिनीचा व्यवहार करतो आणि तो फसला की ‘दिवाणी’त जातो.

प्रश्नकर्ती :
‘दिवाणी’ शब्दाचं काय? लहानपणी मला ते दिवाण्याचं स्त्रीलिंग वाटायचं.

माजी शिरस्तेदार :
कोर्टात वीस वर्षे तारखा घेतलेला माणूस तुमच्या बाजूने साक्ष देईल! पण हा दिवाण म्हणजे मोगली कारभारातला महसुलाचा अधिकारी. फौजदाराकडे गुन्हे, दिवाणाकडे पैसा आणि मालमत्तेचे वाद. १७६५ मध्ये कंपनी सरकारला बंगालची दिवाणी, म्हणजे महसूल वसुलीचा हक्क, मिळाली, १७७२ मध्ये कंपनीचा गव्हर्नर वॉरन हेस्टिंग्जने तिथल्या जिल्ह्यांत दिवाणी अदालत आणि फौजदारी अदालत अशा वेगळ्या काढल्या. ती वाटणी आजही चालू आहे. म्हणून फौजदारीत खटला, आरोपी, शिक्षा. दिवाणीत दावा, प्रतिवादी, हुकूमनामा. ‘दिवाणी दाव्यातील आरोपी’ असे छापलेले पाहिले की अजून हात लाल पेन शोधतो.

फारसी शब्दांची खरी मजा ‘पुरसीस’मध्ये आहे. मूळ अर्थ विचारणे. कोर्टात मात्र पुरसीस देणारा काही विचारत नाही, कळवतो : ‘वादीस आणखी पुरावा देणे नाही, पुरावा बंद केल्याची पुरसीस’. तसेच ‘दरखास्त’. बाहेर ती कसलीही विनंती, कोर्टात फक्त हुकूमनाम्याची अंमलबजावणी मागणारी, ऑर्डर २१ ची. हिंदुस्थानातल्या पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात, असे प्रिव्ही कौन्सिल १८७२ सालीच म्हणून गेले. ज्याने दरखास्त चालवली आहे त्याला हे वेगळे सांगावे लागत नाही.

प्रश्नकर्ती :
बरं, आता मी नेमकं काय द्यायचं? काका म्हणतात, ‘आपली कैफियत लिहून टाक’.

वकील :
कैफियत नाही. ती प्रतिवादीची, वादपत्राला दिलेलं उत्तर. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत, वाढवून ९० पर्यंत.

माजी शिरस्तेदार :
कैफियत म्हणजे ‘कसे काय’ ते सांगणे, अरबीतल्या ‘कैफ’ म्हणजे ‘कसे’ यावरून. घरी ती कुणीही मांडावी, काकांचे मराठी चूक नाही. कोर्टात मात्र ती जागा ठरलेली.

तुमच्याकडे आलाय तो अर्ज. त्याच्या समासात शेरा असेल बघा : ‘वादीने म्हणणे द्यावे’. अर्जाला उत्तर ते ‘म्हणणे’. इतका साधा शब्द, की वकील मंडळी इंग्रजीतही त्याला ‘से’च म्हणतात, ‘से फाइल केला’.

प्रश्नकर्ती :
शेरा आहे! मी तो ‘वादीचे म्हणणे आहे की…’ असा अर्धवट राहिलेला समजत होते.

माजी शिरस्तेदार :
अर्धवट नाही, तुमच्यासाठीच आहे. म्हणण्याची एक प्रत समोरच्या वकिलांना द्या आणि मूळ प्रतीवर ‘प्रत मिळाली’ अशी त्यांची सही घ्या. ती राहिली तर त्या दिवशीचा रोजनामा पुढच्या तारखेवर संपेल.